डिजिटल संग्रहाच्या डेटाबेससाठी प्रशासकीय साधनांची स्थापना व संरचना : डीस्पेस प्रणालीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयीन ग्रंथालयात डिजिटल संग्रहाची प्रणाली संगणकावर बसविणे हे काम फार काळ घेणारे नाही. तथापि तो संग्रह दहा-पंधरा वर्षे टिकून उपयोगी पडेल की नाही, हे प्रणाली बसविल्यानंतर तिच्या प्रशासकीय साधनांची जी संरचना केली जाते तिच्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात डीस्पेस या मुक्तस्रोत प्रणालीच्या आधारे स्थापनेचा क्रम, प्रशासक खाती, गट व अधिकार, स्वीकृतीचा कार्यप्रवाह, नियमित कार्ये आणि बॅकअप यांचे विवेचन केले आहे. या साधनांचा ताबा व्यक्तीकडे न राहता संस्थेकडे असला पाहिजे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : डिजिटल संग्रह, डीस्पेस, प्रशासक, अधिकार, मेटाडेटा, बॅकअप, पुनःस्थापना.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असे काही साहित्य असते की ज्याची दुसरी प्रत अन्यत्र क्वचितच सापडते. वार्षिक नियतकालिकाचे जुने अंक, प्राध्यापकांचे लघुशोधप्रकल्प, परिसरातील बंद पडलेल्या साप्ताहिकांचे बांधीव खंड, देणगीदाखल आलेल्या पोथ्या व पत्रव्यवहार ही त्याची उदाहरणे होत. अशा साहित्याचे स्कॅनिंग करून ते डिजिटल स्वरूपात ठेवण्याची निकड आता सर्वमान्य झाली आहे. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी झालेल्या हल्ल्यात दुर्मीळ ग्रंथांची व हस्तलिखितांची हानी झाली. कागदावरील वारसा किती असुरक्षित असतो, याची जाणीव त्या घटनेने महाराष्ट्राला करून दिली.

मात्र डिजिटल प्रत म्हणजे आपोआप सुरक्षित प्रत, असा समज करून घेणे घातक ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट सामग्री नष्ट झाली, आणि त्यास बॅकअप घेणाऱ्या आज्ञावलीतील दोष कारणीभूत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी संगणकीय हल्ला केला. त्यामुळे तेथील ऑनलाइन सेवा दीर्घकाळ बंद राहिल्या व मुख्य तालिका जानेवारी २०२४ मध्ये मर्यादित स्वरूपात पुन्हा उपलब्ध झाली. दूरस्थ प्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरवर बहुघटक पडताळणी नव्हती, ही बाब त्या ग्रंथालयाने मार्च २०२४ मधील आपल्या अहवालात नमूद केली. साधनसंपन्न संस्थांची ही स्थिती असेल, तर एका खोलीतील एका सर्व्हरवर विसंबून असलेल्या महाविद्यालयाने प्रशासकीय बाजूचा विचार अधिक काटेकोरपणे करणे आवश्यक ठरते.

२. डीस्पेस प्रणालीचे स्वरूप

डीस्पेस ही प्रणाली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची ग्रंथालये आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांच्या प्रयोगशाळा यांनी संयुक्तपणे विकसित करून नोव्हेंबर २००२ मध्ये मुक्तस्रोत स्वरूपात प्रसृत केली. भारतातील पीएच.डी. प्रबंधांचे ‘शोधगंगा’ हे भांडार गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने याच प्रणालीवर उभारले आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही आपल्या शोधनिबंधांच्या भांडारासाठी हीच प्रणाली स्वीकारली.

डीस्पेसमधील सामग्रीची रचना श्रेणीबद्ध असते. सर्वांत वर ‘कम्युनिटी’ म्हणजे समुदाय, त्याखाली ‘कलेक्शन’ म्हणजे संग्रह, संग्रहात ‘आयटम’ म्हणजे नोंद आणि नोंदीला जोडलेल्या प्रत्यक्ष फायली, ज्यांना ‘बिटस्ट्रीम’ म्हटले जाते. महाविद्यालयाच्या संदर्भात मराठी विभाग हा समुदाय, ‘लघुशोधप्रकल्प’ हा संग्रह, एक प्रकल्प ही नोंद आणि त्याची पीडीएफ फाईल हा बिटस्ट्रीम, अशी मांडणी करता येते. अधिकार हे या श्रेणीच्या प्रत्येक पातळीवर स्वतंत्रपणे देता येत असल्याने ही रचना आरंभीच विचारपूर्वक ठरवावी लागते.

ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून प्रणालीचे दोन स्वतंत्र भाग झाले आहेत. पहिला भाग जावा भाषेतील सेवापक्ष असून डेटाबेस, शोध व अधिकार यांची व्यवस्था तो पाहतो. दुसरा भाग वाचकाला दिसणारा इंटरफेस असून तो नोड या मंचावर चालतो. सहाव्या आवृत्तीचा अधिकृत पाठिंबा जुलै २०२३ मध्ये संपला. त्यामुळे नव्याने स्थापना करणाऱ्या महाविद्यालयाने सातव्या किंवा त्यापुढील, पाठिंबा चालू असलेल्या आवृत्तीचीच निवड करावी.

३. स्थापनेचा क्रम

डीस्पेस एकटे चालत नाही. त्याला जावा, पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस, सोलर हे शोधयंत्र, टॉमकॅट हा सर्व्हर, मेव्हन व अँट ही बांधणीची साधने आणि इंटरफेससाठी नोड यांची जोड लागते. प्रत्येक आवृत्तीला या घटकांच्या विशिष्ट आवृत्त्याच चालतात. उदाहरणार्थ, सातवी आवृत्ती जावा ११ किंवा १७ आणि टॉमकॅट ९ यांवर चालते, तर आठव्या आवृत्तीला जावा १७ व टॉमकॅट १०.१ आवश्यक आहे. हा मेळ न जुळल्यास स्थापना अर्ध्यावरच अडखळते.

स्थापनेचा क्रम स्थूलमानाने पुढीलप्रमाणे असतो. प्रथम लिनक्स सर्व्हरवर ‘डीस्पेस’ या नावाचा मर्यादित अधिकारांचा स्वतंत्र वापरकर्ता तयार करावा. प्रणाली मूळ सर्वाधिकारी खात्यातून चालविणे धोक्याचे असते. त्यानंतर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८ या संकेतप्रणालीचा डेटाबेस निर्माण करावा. देवनागरी मजकुराची शुद्धता येथेच निश्चित होते. सातव्या आवृत्तीसाठी या डेटाबेसमध्ये ‘पीजीक्रिप्टो’ ही पुरवणीही सक्रिय करावी लागते. पुढे संरचनेची फाईल भरणे, मेव्हनद्वारे बांधणी करणे, अँटद्वारे प्रणाली ठरलेल्या निर्देशिकेत बसविणे, डेटाबेसमधील तक्ते निर्माण करणारी आज्ञा चालविणे आणि सोलरचे विभाग त्याच्या निर्देशिकेत ठेवणे, या पायऱ्या येतात. शेवटी इंटरफेसची बांधणी करून त्याच्या पुढे अपॅची किंवा एनजिनएक्स हा मध्यस्थ सर्व्हर ठेवला जातो.

या टप्प्यावर जाळ्याच्या सुरक्षिततेचा एक नियम कटाक्षाने पाळावा. बाहेरील जगासाठी केवळ ८० व ४४३ ही द्वारे उघडी असावीत. पोस्टग्रेएसक्यूएलचे ५४३२ आणि सोलरचे ८९८३ ही द्वारे सर्व्हरच्या आतच मर्यादित राहिली पाहिजेत. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा घटकात गंभीर त्रुटी उघडकीस आली, तेव्हा सोलरच्या अनेक आवृत्त्या तिच्या कक्षेत आल्या होत्या. आतील घटक बाहेरून पोहोचण्याजोगे नसणे ही अशा प्रसंगी संरक्षणाची पहिली भिंत ठरते.

४. मूलभूत संरचना

संस्थेने करावयाचे बहुतेक बदल ‘लोकल डॉट सीएफजी’ या एका फाईलमध्ये नोंदविता येतात. प्रणालीच्या मूळ संरचना-फायलींना हात न लावता सर्व स्थानिक मूल्ये याच फाईलमध्ये ठेवल्यास पुढील आवृत्तीकडे जाणे सुलभ होते. या फाईलमधील चार बाबींकडे विशेष लक्ष देणे इष्ट आहे.

पहिली बाब पत्त्यांची. सेवापक्षाचा पत्ता आणि इंटरफेसचा पत्ता हे दोन्ही वाचकाच्या ब्राउझरमध्ये दिसतात तसेच तंतोतंत लिहावे लागतात. एचटीटीपीएसऐवजी एचटीटीपी लिहिले गेले, तरी लॉगिन होत नाही आणि दोष शोधण्यात वेळ जातो.

दुसरी बाब ई-मेलची. पासवर्ड बदलणे, परीक्षकाला सूचना जाणे, दोषांचा अहवाल येणे ही सर्व कामे ई-मेलवर अवलंबून असतात. म्हणून संरचनेनंतर लगेच चाचणी ई-मेल पाठविण्याची आज्ञा चालवून पाहावी. प्रशासकाचा पत्ता म्हणून एखाद्या कर्मचाऱ्याचा खासगी पत्ता न देता महाविद्यालयाच्या नावाचा, पदाशी निगडित पत्ता द्यावा.

तिसरी बाब स्थायी ओळखक्रमांकाची. डीस्पेस प्रत्येक नोंदीला ‘हँडल’ नावाचा क्रमांक देते व त्याच्या आरंभी संस्थेचा उपसर्ग असतो. मूळ संरचनेत १२३४५६७८९ हा केवळ नमुन्यादाखल उपसर्ग दिलेला असतो. तो न बदलता हजारो नोंदी केल्या गेल्यास त्या क्रमांकांना जागतिक पातळीवर काहीच अर्थ उरत नाही, कारण ते संस्थेच्या नावे नोंदलेले नसतात. शोधगंगेचा १०६०३ हा उपसर्ग मात्र नोंदणीकृत आहे आणि म्हणून तेथील प्रबंधाचा दुवा संदर्भसूचीत निःशंकपणे देता येतो. उपसर्ग घ्यावयाचा असल्यास पहिली नोंद करण्यापूर्वी घ्यावा.

चौथी बाब गोपनीयतेची. याच फाईलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड साध्या मजकुराच्या रूपात असतो. त्यामुळे ती वाचण्याचा अधिकार डीस्पेस वापरकर्त्यापुरताच मर्यादित ठेवावा.

५. प्रशासक खाती, गट व अधिकार

पहिला प्रशासक आज्ञारेषेवरून ‘क्रिएट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या आज्ञेने तयार केला जातो. ही आज्ञा ई-मेल, नाव व पासवर्ड विचारते. त्यानंतरची खाती इंटरफेसमधील प्रवेश-नियंत्रणाच्या भागातून निर्माण करता येतात. प्रणालीत आरंभापासून दोन गट असतात : ‘अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे लॉगिन न केलेला कोणीही वाचक, आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, म्हणजे सर्वाधिकारी. या दोन टोकांच्या मध्ये गरजेप्रमाणे गट निर्माण करणे हेच प्रशासकीय संरचनेचे मर्म होय.

काम सोपे जावे म्हणून सर्वांनाच सर्वाधिकारी गटात टाकण्याची पद्धत घातक आहे. डीस्पेसमध्ये एखाद्या समुदायापुरता किंवा एखाद्या संग्रहापुरता प्रशासक नेमता येतो. इतिहास विभागाच्या प्राध्यापकाला त्या विभागाच्या संग्रहाचे अधिकार दिल्यास त्यांच्याकडून अनवधानाने झालेली चूक तेवढ्या संग्रहापुरतीच सीमित राहते. सर्वाधिकारी खाती किमान दोन व शक्यतो तीनपेक्षा अधिक नसावीत. एकच खाते असल्यास ती व्यक्ती सेवानिवृत्त होताच संग्रहाचे दार बंद होते. खाती पुष्कळ असल्यास कोणी काय केले, याचा माग लागत नाही. एक खाते अनेकांनी वापरणे हेही याच कारणाने टाळावे.

प्रत्येक संग्रहाला वाचन, भर घालणे, बदल करणे, काढून टाकणे इत्यादी अधिकार जोडलेले असतात. नव्या संग्रहात वाचनाचा अधिकार सामान्यतः अ‍ॅनॉनिमस गटाला असतो, म्हणजे त्यातील फाईल जगातील कोणालाही उघडता येते. येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न स्वामित्वहक्काचा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे अबाधित राहतो. असे ग्रंथ परवानगीशिवाय सर्वांसाठी खुले करता येत नाहीत. दुसरा प्रश्न खासगीपणाचा. जुनी प्रवेश-नोंदवही संशोधकाला मोलाची असते. परंतु तिच्यातील जात, जन्मतारीख व पालकांचा व्यवसाय यांच्या नोंदी हयात व्यक्तींच्या असू शकतात. अशा संग्रहांसाठी वाचनाचा अधिकार ठराविक गटापुरता ठेवणे किंवा विशिष्ट तारखेनंतर फाईल खुली होईल अशी मुदत घालणे ही साधने डीस्पेसमध्ये उपलब्ध आहेत. ती संग्रह उघडण्यापूर्वी वापरावीत, कारण एकदा बाहेर गेलेली फाईल परत घेता येत नाही.

याखेरीज, एखादी नोंद वाचकांपासून दूर करावयाची झाल्यास ‘मागे घेणे’ आणि ‘कायमची पुसणे’ हे दोन पर्याय प्रशासकापुढे असतात. मागे घेतलेली नोंद पुन्हा आणता येते व ती कोणी, केव्हा मागे घेतली याची नोंदही राहते. पुसलेली नोंद मात्र केवळ बॅकअपमधूनच मिळू शकते. म्हणून पहिला पर्याय हाच नियम आणि दुसरा हा अपवाद मानावा.

६. स्वीकृतीचा कार्यप्रवाह व मेटाडेटा

डीस्पेसच्या पारंपरिक कार्यप्रवाहात तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावरील परीक्षक नोंद स्वीकारतो किंवा नाकारतो, दुसऱ्या टप्प्यावरील संपादक तिचा मेटाडेटाही सुधारू शकतो आणि तिसऱ्या टप्प्यावर केवळ अंतिम सुधारणा होते. लहान महाविद्यालयात तिन्ही टप्पे योजण्याची आवश्यकता नसते. तथापि नोंद करणारा व तपासणारा या दोन व्यक्ती भिन्न असाव्यात.

मेटाडेटा डब्लिन कोअर या मानकावर आधारलेला असतो. त्यात शीर्षक, कर्ता, दिनांक, विषय, भाषा यांसारखी १५ मूलभूत क्षेत्रे आहेत. मराठी साहित्याच्या बाबतीत काही निर्णय लेखी स्वरूपात आधीच ठरवून घ्यावेत. जुन्या ग्रंथांवर शालिवाहन शक दिलेला असतो. त्यात ७८ किंवा, वर्षाच्या उत्तरार्धातील काही महिन्यांसाठी, ७९ मिळविल्यास इसवी सन मिळतो. दिनांकाच्या क्षेत्रात इसवी सन व टिपणात मूळ शक, अशी पद्धत ठेवल्यास कालानुक्रमे शोध घेणे शक्य होते. ‘दऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन प्रकारे टंकित होऊ शकते : स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, अथवा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण शोधयंत्राला ती वेगळी भासू शकतात. सर्व नोंदणीकारांनी एकच कळफलक वापरण्याचा नियम केल्यास हा दोष टळतो.

मेटाडेटा सीएसव्ही फाईलमध्ये काढून, सुधारून परत भरण्याची सोय अत्यंत उपयुक्त आहे आणि तितकीच धोक्याची आहे. स्प्रेडशीटमध्ये चुकीच्या संकेतप्रणालीने फाईल उघडून जतन केल्यास शेकडो शीर्षकांतील देवनागरी मजकूर प्रश्नचिन्हांत रूपांतरित होऊ शकतो. म्हणून मूळ सीएसव्हीची प्रत बाजूला ठेवणे आणि प्रणाली दाखविते ती बदलांची यादी वाचूनच संमती देणे, हे दोन संकेत पाळावेत.

७. नियमित कार्ये

काही प्रशासकीय कामे रोज रात्री आपोआप व्हावी लागतात. लिनक्समधील ‘क्रॉन’ या वेळापत्रक-साधनात त्यांची नोंद केली जाते. शोधसूची अद्ययावत करणे, अन्य भांडारांना मेटाडेटा पुरविणाऱ्या ओएआय-पीएमएच सेवेची सूची ताजी करणे आणि फायलींमधून मजकूर व लघुचित्रे काढणे ही त्यांतील प्रमुख कामे होत.

यांपैकी मजकूर काढण्याच्या कामाची मर्यादा ध्यानात घ्यावी. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये केवळ चित्र असते, त्यामुळे त्यातून शोधता येण्याजोगे काही हाती लागत नाही. प्रथम अक्षरओळख करून घ्यावी लागते. टेसरॅक्ट या मुक्त साधनात मराठीची सोय आहे. तसेच युनिकोडपूर्व फाँटांत अक्षरजुळणी केलेल्या पीडीएफमधून निघणारा मजकूर निरर्थक असतो. अशा फायलींसाठीही अक्षरओळखीचाच मार्ग उरतो.

सर्वांत दुर्लक्षित राहणारे साधन म्हणजे ‘चेकर’. फाईल प्रणालीत येताना डीस्पेस तिची एमडी५ ही गणिती मुद्रा काढून डेटाबेसमध्ये ठेवते. चेकर ती मुद्रा पुन्हा काढून मूळ मुद्रेशी ताडून पाहतो. तबकडी बिघडून फाईल निकामी झाली असल्यास हे साधन ती बाब उघड करते व अहवाल ई-मेलने धाडता येतो. ते बंद ठेवल्यास बिघडलेली फाईल वर्षानुवर्षे बॅकअपमध्येही तशीच उतरत राहते आणि चांगली प्रत शेवटी कोठेच उरत नाही.

८. बॅकअप व पुनःस्थापना

डीस्पेसमधील संग्रहाचे दोन मुख्य अंश असतात. मेटाडेटा, अधिकार व खाती पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये, तर प्रत्यक्ष फायली ‘अ‍ॅसेटस्टोअर’ या निर्देशिकेत असतात. अ‍ॅसेटस्टोअरमधील फायलींना त्यांची मूळ नावे नसतात, त्या लांबलचक अंकांच्या नावांनी साठविलेल्या असतात. परिणामी डेटाबेस गमावल्यास अ‍ॅसेटस्टोअर म्हणजे नावे पुसलेल्या पुस्तकांचा ढीग उरतो. उलट अ‍ॅसेटस्टोअर गमावल्यास ग्रंथ नसलेली तालिका उरते. दोहोंचा बॅकअप एकत्रच असला पाहिजे.

त्यातही क्रमाला महत्त्व आहे. आधी डेटाबेसची व नंतर फायलींची प्रत घ्यावी. असे केल्याने डेटाबेसच्या प्रतीत उल्लेखिलेली प्रत्येक फाईल नंतरच्या प्रतीत सापडते. या दोहोंच्या दरम्यान पुसलेल्या फायली कायमच्या काढणारी ‘क्लीनअप’ ही आज्ञा चालवू नये. वाचनसंख्येची आकडेवारी केवळ सोलरमध्ये असते व ती डेटाबेसवरून पुन्हा निर्माण करता येत नाही, म्हणून सोलरच्या ‘स्टॅटिस्टिक्स’ विभागाची स्वतंत्र प्रत घ्यावी. ‘लोकल डॉट सीएफजी’ व इंटरफेसची संरचना यांच्या प्रतीही सोबत असाव्यात.

बॅकअपच्या किमान तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर व त्यांपैकी एक महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर असावी, असा सर्वमान्य दंडक आहे. त्यात आणखी एका अटीची भर घालावी लागते : एक प्रत जाळ्यापासून पूर्णतः तोडलेली असावी. सर्व्हरवर ताबा मिळविणाऱ्याला जी प्रत दिसते, ती तो नष्टही करू शकतो.

बॅकअपची खरी परीक्षा पुनःस्थापनेतच होते. वर्षातून किमान दोनदा दुसऱ्या संगणकावर संपूर्ण संग्रह बॅकअपमधून उभा करून पाहावा. नोंदींची संख्या जुळते का, निवडक दहा फायली उघडतात का, प्रशासकाला लॉगिन करता येते का, हे तपासून त्याची लेखी नोंद ठेवावी. जो बॅकअप कधी परत उतरवून पाहिलेला नाही, त्यावर भरवसा ठेवण्यास आधार नसतो.

९. संस्थात्मक जबाबदारी

अनेकदा मूल्यांकनाची तारीख जवळ आली की संग्रहाची प्रणाली घाईने बसविली जाते व समिती परतल्यावर तिच्याकडे कोणी फिरकत नाही. काम एखाद्या उत्साही प्राध्यापकाने किंवा बाहेरच्या तंत्रज्ञाने केलेले असते, पासवर्ड त्यांच्यापाशीच राहतात आणि डोमेनची नोंदणी त्यांच्या वैयक्तिक नावावर असते. ती व्यक्ती गेल्यावर सर्व्हर चालू असूनही संग्रह संस्थेच्या हातून निसटलेला असतो. हे टाळण्यासाठी पुढील उपाय सुचविता येतात.

(अ) डोमेन, सर्व्हर व ई-मेल यांची नोंदणी महाविद्यालयाच्या नावावर असावी.
(आ) सर्वाधिकारी खात्यांची माहिती मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांच्या ताब्यात ठेवावी व बदल होताच ती नवी करावी.
(इ) आवृत्त्या, पत्ते, वेळापत्रक, बॅकअपची जागा व पुनःस्थापनेच्या पायऱ्या नोंदविणारी एक प्रशासन-वही ठेवावी.
(ई) ग्रंथालय समितीच्या सभेत वर्षातून एकदा चेकरचा व पुनःस्थापनेचा अहवाल मांडला जावा.
(उ) बदली वा निवृत्तीच्या वेळी पुस्तकांच्या साठ्याप्रमाणेच डिजिटल संग्रहाचाही रीतसर कार्यभार सोपविला जावा.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, डीस्पेससारख्या प्रणालीत संग्रह सांभाळण्यासाठी लागणारी बहुतेक साधने मुळातच विनामूल्य उपलब्ध आहेत. उपसर्ग, ई-मेल, गट, कार्यप्रवाह, चेकर व बॅकअप यांपैकी एकाही साधनासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. उणीव असते ती ही साधने आरंभीच नीट बसविण्याच्या शिस्तीची आणि त्यांची जबाबदारी लेखी स्वरूपात वाटून घेण्याची. ग्रंथपाल पुस्तकांची साठा-पडताळणी करतो, दाखलनोंद वही सांभाळतो आणि किल्ल्या सही घेऊन सोपवितो. डिजिटल संग्रहाचे प्रशासन हा त्याच जुन्या कर्तव्याचा नवा भाग आहे. ज्या नियतकालिकाचा अंक, पोथी किंवा प्रकल्प अन्यत्र कोठेही नाही, त्याचे उद्याचे अस्तित्व या कर्तव्याच्या पालनावरच अवलंबून राहणार आहे.